झाकली मूठ साठ ग्रॅमची

सायकलच्या हँडलला नवी रबरी मूठ चढवायची असेल तर आधी ती पाण्यात बुडव, हे गल्लीतलं कुठलंही पोर सांगेल. कोरडी मूठ अर्ध्यावर येऊन हटून बसते. ओली सर्रकन आत जाते. रात्रभरात ती अशी काही घट्ट होते की दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी पिळली तरी जागची हलत नाही. मग जून येतो. दोन-चार मोठ्या सरी झाल्या की तीच मूठ हातातल्या हातात गोल फिरायला लागते आणि एखाद्या उतारावर टोकाकडे सरकते. पाण्यानेच बसवली आणि पाण्यानेच उठवली, हे कसं?

साध्या सायकलवर हा प्रकार हसण्यावारी जातो, माउंटन बाइकवर जात नाही. दगडधोंड्यांच्या पायवाटेवर उतरताना अंगाचा बराचसा भार तळव्यांवर आलेला असतो, एक बोट ब्रेकवर असतं, आणि हँडल क्षणाक्षणाला हिसके देत असतं. अशा वेळी मूठ फिरली तर पुढचं चाक कुठे वळेल याचा भरवसा नाही. म्हणून ही सायकल चालवणारी मंडळी मुठीबद्दल चोखंदळ असतात. हल्ली त्यात वजनाचीही भर पडली आहे. एक जोडी १२० ग्रॅमची, दुसरी ६० ग्रॅमची, आणि नुसत्या फोमची तर २०-३० ग्रॅममध्येही मिळते. हलकी घ्यावी का? घेतली तर काय कमावतो आणि काय सोडतो?

मूठ नळीला धरते कशी

माउंटन बाइकच्या हँडलची नळी मधोमध जाड असते, ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर. पण जिथे मूठ बसते तिथे जवळपास सगळ्यांचा बाहेरचा व्यास एकच: २२.२ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाला थोडा वर, सात अष्टमांश इंच. साध्या, ओढून चढवायच्या मुठीचं भोक यापेक्षा किंचित लहान ठेवलेलं असतं. चढवताना रबर ताणलं जातं आणि परत आक्रसायला बघतं. त्या आक्रसण्यामुळे ते नळीला चारी बाजूंनी आवळतं. हा दाब आणि रबर-धातूमधलं घर्षण यांचा गुणाकार म्हणजे मुठीची पकड.

मध्ये पाण्याचा पातळ थर आला की रबर धातूला टेकतच नाही. दाब तेवढाच असतो, पण घर्षण जवळजवळ नाहीसं होतं आणि मूठ घसरते. चढवताना आपल्याला हेच हवं असतं. नंतर पाणी टोकाकडून हळूहळू सुकतं, रबर नळीला चिकटतं. पावसाळ्यात उलटा प्रवास होतो. प्रत्येक हिसक्यासरशी मुठीची कड कणभर उचलली जाते, तिथून पाणी आत शिरतं, आणि एकदा शिरलं की पावसाळी हवेत लवकर सुकत नाही.

यावरून एक गोष्ट ताबडतोब कळते. मूठ चढवायला असा द्रव हवा जो काम झालं की पुरता उडून जाईल. औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, यासाठी उत्तम. साबणाचं पाणी सगळ्यांत वाईट: पाणी उडतं, साबण राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा बुळबुळीत होतो. रॉकेल किंवा पेट्रोल लावायची जुनी सवय तर सोडूनच द्यावी. रबर ते पितं, फुगतं, आणि भोक सैल होतं.

स्क्रूने आवळायची मूठ

या घसरण्यावरचा सरळ इलाज म्हणजे लॉक-ऑन मूठ. तिच्या पोटात कडक प्लास्टिकची नळी असते, त्या नळीवर रबर ओतलेलं असतं, आणि एका किंवा दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचं कडं. कड्याचा स्क्रू ॲलन कीने आवळला की ते हँडलला घट्ट धरतं. पाऊस असो, चिखल असो, मूठ फिरत नाही. काढायला दोन मिनिटं, घालायला दोन मिनिटं.

याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली म्हणजे वजन: कडी, स्क्रू आणि प्लास्टिकची नळी मिळून जोडी साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमवर जाते. दुसरी जास्त महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी. पोटातल्या प्लास्टिकने जागा खाल्ल्यामुळे, बाहेरचा व्यास तेवढाच ठेवायचा तर मऊ रबराचा थर पातळ करावा लागतो. हाताखाली येणारा गुबगुबीतपणा घटतो. आणि तिसरी, टोकाचं धातूचं कडं. हात हँडलच्या अगदी टोकाशी धरायची सवय असेल तर तळव्याची बाहेरची कड नेमकी त्याच कड्यावर टेकते. म्हणूनच आता बऱ्याच कंपन्या फक्त आतल्या बाजूला एकच कडं ठेवतात आणि बाहेरचं टोक रबराने मढवतात.

हलकेपणा येतो कुठून

आता ६० ग्रॅमच्या जोडीकडे वळू. अमेरिकेतल्या ईएसआय कंपनीच्या सिलिकॉन मुठी या प्रकारात सगळ्यांत ओळखीच्या. त्यांचं ‘चंकी’ नावाचं मॉडेल साधारण ३२ मिलिमीटर जाड, १३ सेंटिमीटर लांब आणि जोडीला सुमारे ६० ग्रॅम. शाळेतलं गणित वापरून बघू. बाहेरचा व्यास ३२, आतला २२.२, म्हणजे एका मुठीत साधारण ५४ घन सेंटिमीटर माल, जोडीत १०८. भरीव सिलिकॉन किंवा रबर पाण्याहून थोडं जड असतं, एका घन सेंटिमीटरला १.१ ते १.२ ग्रॅम. हिशोबाने जोडी १२५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी होती. भरते निम्मी. उरलेली निम्मी जागा हवेची आहे.

म्हणजे ‘हलकं मटेरियल’ असं काही जादूचं नाही. सिलिकॉनमध्ये बुडबुडे करून ते फुगवलेलं आहे. नुसत्या ईव्हीए फोमच्या २० ग्रॅमच्या मुठीत तर मालापेक्षा हवा कितीतरी जास्त.

मात्र बुडबुड्या-बुडबुड्यांत फरक असतो. ढोकळ्यावर फोडणीचं पाणी ओतलं की ते आत मुरतं, कारण त्याची छिद्रं एकमेकांत उघडणारी असतात. मुठीचा फोम असा असून चालत नाही, नाहीतर घाम आणि पाऊस पिऊन तो ओल्या फडक्यासारखा होईल. चांगल्या मुठीतला प्रत्येक बुडबुडा चहूबाजूंनी बंद असतो. स्वस्त फोमची मूठ ओळखायची एक साधी खूण आहे: अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खळगा लगेच भरून आला तर ठीक. रेंगाळला तर बुडबुड्यांच्या भिंती कमजोर आहेत आणि काही महिन्यांत जिथे तळवा टेकतो तिथे कायमचा चपटा पट्टा तयार होईल.

सिलिकॉनचा आणखी एक गुण आपल्या हवेत फार कामाचा. नुसत्या पडून असलेल्या सायकलच्या किंवा जुन्या टॉर्चच्या मऊ मुठी काही वर्षांनी हाताला चिकटायला लागतात, हे पुष्कळांनी अनुभवलं असेल. मऊपणासाठी प्लास्टिकात घातलेली द्रव्यं वर येतात, किंवा दमट हवेने पॉलियुरेथेनच्या साखळ्या तुटतात. साधं रबर उलट उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने कडक होऊन भेगाळतं. सिलिकॉनच्या रेणूचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचा असतो. ऊन आणि ओझोन त्याचं फारसं बिघडवू शकत नाहीत. कमी पडतं ते मार खाण्यात: झाडाला घासली, सायकल दगडावर आडवी पडली, की फुगवलेलं सिलिकॉन फाटतं. अरुंद झाडीतून जाणाऱ्यांनी हे धरून चालावं.

पन्नास ग्रॅम आणि सिंहगड

लॉक-ऑन ११० ग्रॅमची आणि सिलिकॉनची ६० ग्रॅमची धरली तर वाचले ५० ग्रॅम. पुण्याचे सायकलवाले ज्या चढावर स्वतःला तपासतात तो सिंहगडाचा रस्ता घेऊ. पायथ्यापासून वरच्या गाडीतळापर्यंत उंचीतला फरक सुमारे सहाशे मीटर. ५० ग्रॅम वजन तेवढं वर न्यायला लागणारी ऊर्जा साधारण २९५ ज्यूल. पायडलवर १५० वॅट देणारा, म्हणजे बऱ्यापैकी सराव असलेला माणूस, सेकंदाला १५० ज्यूल खर्चतो. बचत झाली दोन सेकंदांची, जवळपास तासाभराच्या चढात.

पाण्याचा एक मोठा घोट ५० ग्रॅमचा असतो. पायथ्याशी तो पिऊन घेतला काय आणि बाटलीत ठेवला काय, वजन वर जायचंच. पण निघताना बाटली काठोकाठ भरण्याऐवजी दोन बोटं कमी भरली तर मुठीची बचत फुकटात होते. शिवाय मूठ चाकासारखी फिरत नाही. चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट जाणवतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. मुठीच्या वजनाला तो जादा भाव नाही.

मग शर्यतवाले हलक्या मुठी का लावतात? एक कारण पैशाचं. कार्बनचं हँडल किंवा हलकी चाकं घेऊन वजन उतरवायचं तर एकेक ग्रॅम महाग पडतो. मूठ बदलून ५० ग्रॅम त्या मानाने अगदी स्वस्तात उतरतात. दुसरं आणि खरं कारण मात्र वजनाचं नाहीच. कडं नाही, प्लास्टिकची नळी नाही, म्हणजे नळीपासून तळव्यापर्यंतचा सगळा थर मऊ मालाचा. ३२ मिलिमीटरच्या मुठीत तो चारही बाजूंना जवळजवळ ५ मिलिमीटर भरतो. हात कुठेही धरला तरी टोचणारं काही खाली येत नाही. ब्लेडने हवी तेवढी आखूडही करता येते. हलकेपणा हा या रचनेतून आपोआप आलेला भाग आहे, आणि मला वाटतं जाहिरातींनी त्यालाच डोक्यावर घेतल्यामुळे लोक चुकीच्या आकड्यावरून मूठ निवडतात. वजनाआधी जाडी बघायला हवी.

करंगळीला मुंग्या

तास-दोन तास चालवल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, मुंग्या येतात. तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा मात्र ठीक. ही विभागणी इतकी नेमकी का?

करंगळीकडची संवेदना वाहून नेणारी अल्नर नावाची नस मनगटाच्या खाली, तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्यापाशी, दोन छोट्या हाडांमधल्या चिंचोळ्या वाटेतून जाते. फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स ग्युयाँ यांनी १८६१मध्ये या वाटेचं वर्णन केलं आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिथे नसेवर जाड आवरण नाही. हँडल नेमकं त्याच जागी टेकतं, अंगाचा भार पडतो, नस चेपते. डॉक्टरांच्या भाषेत याला सायकलस्वाराचा लकवा असंही म्हणतात, पण नावाने घाबरू नये. बहुतेकांचा त्रास हात मोकळा झाला की जातो. दिवसभर बधिरपणा राहिला किंवा बटण लावताना बोटांत जोर नाही असं वाटलं तर मात्र मूठ बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

यात मूठ दोन प्रकारे मदत करते. एक, तोच भार जास्त जागेवर पसरवून. जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या एर्गॉन कंपनीच्या मुठींना बाहेरच्या बाजूला पंखासारखा चपटा भाग असतो, तो यासाठीच. जड असतो, पण लांब पल्ल्याला पैसे वसूल करतो. दुसरा मार्ग मऊ आणि थोड्या जाड मुठीचा. इथे लोक हमखास टोकाला जातात. मऊ म्हणून जाडजूड मूठ घेतात आणि बोटं तिच्याभोवती पुरी वळत नाहीत. मग पकड टिकवायला सतत आवळून धरावं लागतं, कोपराखालचे स्नायू फुगून दगडासारखे होतात, त्यांच्यातला रक्तप्रवाह अडतो आणि लांब उतारावर ब्रेक दाबायला बोटांत त्राण उरत नाही. फार बारीक मुठीतही तेच होतं, फक्त उलट्या बाजूने: बोटांची टोकं तळव्यात रुततात आणि सगळा दाब एका अरुंद रेघेवर येतो. मधला पल्ला साधारण ३० ते ३४ मिलिमीटरचा आहे.

> चौकट: दुकानात हात लावून बघताना
>
> मूठ नेहमीसारखी धरा, हातमोजे घालत असाल तर ते घालून. मधल्या बोटाचं टोक अंगठ्याखालच्या मांसल भागाला हलकेच टेकलं तर जाडी बरोबर. टोक रुतत असेल तर एक माप जाड बघा, मध्ये बोटभर फट राहत असेल तर एक माप बारीक. पावसात चालवायची असेल तर खाचा असलेली लॉक-ऑन, कोरड्यात आणि लांब पल्ल्याला सिलिकॉन. २०-३० ग्रॅमची फोमची मूठ शर्यतीपुरती.

हादऱ्यांबद्दलही थोडं. मऊ मूठ ‘सगळे धक्के शोषते’ असं दुकानदार सांगतो ते अर्धंच खरं. ५ मिलिमीटरचा थर किती दबणार? दोन-तीन मिलिमीटर. बारीक खडीवरून जाताना हँडल सेकंदाला पन्नास-शंभर वेळा जे झिणझिणतं, ते हा थर बरंच मारतो, कारण त्यात हालचाल अगदी कणभराची असते. पण मोठ्या दगडावरून उतरताना हँडल सेकंदाला पाच-दहा वेळा सेंटिमीटरने वरखाली होतं, तिथे पाच मिलिमीटरचं काही चालत नाही. ते काम टायरमधल्या हवेचं, पुढच्या सस्पेन्शनचं आणि वाकवलेल्या कोपरांचं. नवी मूठ घेण्याआधी टायरची हवा थोडी कमी करून बघा, असं मी तरी आधी सांगेन.

घाम, चिखल आणि चष्म्याची कंपनी

आतापर्यंत मूठ नळीला धरते त्याबद्दल बोललो. हात मुठीला धरतो तिथेही पाण्याची तीच खोडी आहे. इथे उपाय दोन: पाणी बाहेर काढून द्यायचं, किंवा ओलं झाल्यावरही चिकटेल असा माल वापरायचा.

पहिला उपाय म्हणजे खाचा. जाळीदार, आडव्या-उभ्या रेघांच्या मुठीत दाबलेलं पाणी खाचांत शिरतं आणि मधले उंचवटे हाताला कोरडे टेकतात. दुसऱ्या उपायामागे एक गंमतशीर इतिहास आहे. गॉगल्ससाठी जगभर प्रसिद्ध असलेली ओकली कंपनी १९७५मध्ये जिम जॅनर्ड यांनी सुरू केली ती चष्मे विकायला नव्हे. त्यांचा पहिला माल होता मोटोक्रॉस मोटरसायकलच्या मुठी. त्यासाठी वापरलेलं रबर घामाने ओलं झालं की जास्त पकडतं, असा कंपनीचा दावा. चष्म्याच्या नाकावरच्या आणि कानावरच्या गाद्यांना ते आजही वापरतात.

गुळगुळीत सिलिकॉनला मात्र यातलं काहीच नाही. कोरड्या हाताला ते सुरेख चिकटतं, थोड्या घामातही टिकतं. पण सह्याद्रीतल्या जुलैत, लाल चिखलाचा लेप बसल्यावर, त्याची साथ सुटते. वर्षभर एकच जोडी ठेवायची असेल तर ही बाब वजनापेक्षा कितीतरी मोठी आहे. दोन जोड्या ठेवून दसऱ्याला बदलणारेही आहेत, आणि मला ते वेडेपणाचं वाटत नाही.

बसवणं आणि काढणं

सिलिकॉनची मूठ चढवण्याआधी नळी स्पिरिटने पुसून घ्यावी. जुन्या मुठीचा चिकटा राहिला तर नवी कधीच नीट बसत नाही. मग मुठीत चमचाभर स्पिरिट ओतून, दोन्ही टोकं बोटांनी बंद करून हलवावं आणि एका दमात ढकलावं. टोकाला धरून ओढू नये, फाटते. तळव्याने मागून रेटावी. एक रात्र सायकलला हात लावायचा नाही.

काढायची असेल आणि परत वापरायची असेल तर पंक्चरवाल्याकडे जावं. कंप्रेसरच्या हवेच्या बंदुकीचं बारीक तोंड मुठीच्या कडेखाली सरकवून चाप दाबला की मूठ फुगते, नळीपासून सुटते आणि हवेच्या थरावरून अलगद बाहेर येते. पाण्याच्या थराचं काम इथे हवा करते आणि मागे ओल राहत नाही. लॉक-ऑन असेल तर स्क्रू किती जोराने आवळायचा हे सांगणारा, स्क्रूच्या शेजारी किंवा पुठ्ठ्यावर छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा पाळावा. हँडल कार्बनचं असेल तर विशेषच, कारण जादा आवळल्याची चीर वरून दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र ग्रॅम मोजू नयेत. हँडलच्या टोकाला बसणारं बूच, दोन्ही मिळून जेमतेम काही ग्रॅमचं. पातळ फोमच्या मुठीचं टोक एखाद्या पडझडीत फाटतं, बूच कुठेतरी पडतं, आणि मागे राहते उघडी धातूची नळी. पडताना अंगाचा भार त्या टोकावर आला तर ते पोटात किंवा मांडीत खोल घुसतं. लहान मुलांच्या सायकल अपघातांत पोटाच्या गंभीर जखमांचं हे ओळखीचं कारण आहे. बूच हरवलं असेल तर नवं मिळेपर्यंत त्या सायकलवर बसू नये, आणि मुलांच्या सायकलींची टोकं तर आज संध्याकाळीच बघून घ्यावीत.